चौथ्या चॅनेलवर

१४ ऑक्टोबर

पोचलो एकदाचा. कोळशाच्या ट्रकमधून आलो, त्यामुळे शिंकलं तरी काळं निघतंय. ड्रायव्हर चार तास फक्त सासूबद्दल बोलत होता. ती घरातली एकमेव धड खुर्ची सोडत नाही म्हणे. सासू जिवंत आहे की मेलेली, हे काही मला शेवटपर्यंत कळलं नाही.

जागा झकास आहे. खिंडीच्या जरा खाली दोन खोल्या, जनरेटरची शेड, मागे लोखंडी मनोरा. खाली सगळी दरी हातावर ठेवल्यासारखी दिसते. हिवाळी गोठे, एकेकटी घरं, धुराच्या रेषा. त्या घरांमधले फोन तारेवाचून चालतात, सगळे या मनोऱ्यातून. आता ते सांभाळायचं काम माझं. म्हणजे तुरदाकुन आकेंचं, आणि माझं त्यांच्या हाताखाली.

आके साठीचे असतील. टोपीचा एक कान कायम खाली, एक वर. आधी कुठे काम केलंस असं विचारलं. मी सांगितलं, आल्मातीत गाड्या धुतल्या, ताराझला लोकर निवडली, एक हिवाळा पावाच्या भट्टीवर काढला. आके म्हणाले, म्हणजे कुठेच नाही. मग चहा दिला. चहात साय एवढी की चमचा उभा राहावा.

इथे का आलो ते लिहून ठेवतो, नाहीतर पुढे मीच विसरेन. फोनसाठी आलो, इथून घरी लावता येतो. घर सोडून दोन वर्षं झाली. निघालो त्या सकाळी आपा, म्हणजे माझी आई, दारात उभी होती. घोड्या कोण बघणार, म्हणून भांडत होती. तुला काय याचसाठी दूध पाजलं, असं म्हणाली. मी म्हणालो, मी मागितलं नव्हतं. आईला असं बोललो. ती आत गेली. आता तिची छाती बिघडलीय असं बाजारात एका गाववाल्यानं सांगितलं. बुरुल एजे, माझी मोठी बहीण, लहानपणापासून म्हणते की 'माझं पांढरं दूध तुला माफ' हे आईच्या तोंडून ऐकल्याशिवाय राहिला तो माणूस जन्मभर लंगडा चालतो. मला ते ऐकायचंय. तेवढं ऐकलं की मग मी कुठेही जायला मोकळा.

१७ ऑक्टोबर

तीन दिवस दिव्यांच्या आणि कळांच्या फलकासमोर बसून शिकतोय. आकेंची शिकवायची पद्धत बरी आहे, सगळं घोड्यांवरून सांगतात. सहा घोडे, एकतीस स्वार. घोडे म्हणजे चॅनेल. कुणाचा असा स्वतःचा घोडा नाही. ज्यानं फोन उचलला त्याला मोकळा असेल तो द्यायचा, बोलून झालं की घोडा परत खुंट्याला. एकतीस घरं एकाच वेळी बोलत नाहीत, म्हणून सहात भागतं. भिंतीवरच्या यादीत नंबर बत्तीसपर्यंत आहेत, पण चौदा नंबर नाही.

घोडा पडला तर काय करायचं, हेच खरं काम. बोलता बोलता चॅनेल मेलं तर दहा सेकंदांत स्वाराला दुसऱ्या चॅनेलवर चढवायचं. दहाच्या वर गेलं की फोन तुटला. दुसरं, माणूस बोलून गेला तरी लाल दिवा तसाच राहतो, म्हणजे चॅनेल अडकलं. तीन मिनिटं आवाज नसेल तर सोडायची कळ दाबून मोकळं करायचं. तिसरं, एक नंबर हे दवंडीवाल्याचं चॅनेल. फोन करणारा आधी तिथे हाक मारतो, मग त्याला घोडा मिळतो. ते गेलं तर सगळी दरी बहिरी. मग लगेच दुसऱ्या एखाद्याला दवंडीवाला करायचं.

मी विचारलं, आणि सगळे मेले, एकच राहिला तर? आके म्हणाले, तर तोच दवंडीवाला आणि तोच घोडा. त्यावर कुणी बोलत असेल तोवर दुसऱ्या कुणालाच आत येता येत नाही. पिवळा दिवा लुकलुकतो आणि काचेत त्याचा नंबर दिसतो, बस. ठोठावत राहतो बिचारा. असं कधी झालंय का, मी विचारलं. एकदा, म्हणाले, आणि चहाकडे बघायला गेले. चहा काही उकळत नव्हता.

खरं तर सहाही नाहीत, पाचच आहेत. चार नंबरच्या खोक्याचा दिवा बंद आणि कळ नमद्याच्या दोरीनं बांधलेली. मी दुरुस्त करून पाहू का म्हटलं तर म्हणाले, ते बिघडलेलं नाहीये. मग बंद का? तर म्हणाले, लाकडं फोड जा.

२६ ऑक्टोबर

रविवार. पहिल्यांदा घरी फोन केला. स्टेशनचा फोनही याच घोड्यांवरून जातो, त्यामुळे रिकामी वेळ बघून करावा लागतो. बुरुल एजेनं उचलला आणि आधी दोन मिनिटं शिव्या दिल्या. जिवंत आहेस का, मला वाटलं लांडग्यांनी तुला चाखून थुंकलं असेल, असं सगळं. आपा शेजारीच बसली होती, खोकल्याचा आवाज येत होता. पण फोन घेईना. एजेकडून निरोप देत होती. तुला आईशी बोलायला एवढा डोंगर चढावा लागला का, असं विचार त्याला. मी म्हटलं, सांग तिला, खाली नेटवर्क नव्हतं. एजेनं तेही सांगितलं. पलीकडे खोकला आला, की हसू, ते कळलं नाही.

पुढच्या रविवारी पुन्हा.

५ नोव्हेंबर

फोन जोडल्यावर आवाज स्वच्छ आहे का हे पाच सेकंद ऐकायचं असतं. मी जरा जास्त ऐकतो. दरीत करमणूक दुसरी काय? सात नंबर आणि एकोणीस नंबर एका मेंढ्यावरून दीड महिना भांडतायत. मेंढा मेलाय, भांडण चालू आहे.

सत्तावीस नंबर सगळ्यात वरचं घर. आयसाल्कीन नावाची सून आहे, पहिलटकरीण, नवरा रशियात बांधकामावर. सोबत फक्त सासू, केंजेकान आपा (वडीलधाऱ्या बाईलाही आमच्यात आपाच म्हणतात). ती खालच्या गावातल्या झूरा डॉक्टरणीला रोज फोन करते. आज विचारत होती, सून खडू खाते, नातू पांढरा होईल का? झूरा म्हणाली, नातू होईल की नात ते आधी बघू, खडू काढून घ्या. पण पोर पायाळू आहे, पाय खाली, अशी तिला शंका आहे. पाणी गेलं की त्याच क्षणी फोन करा, मी फोनवर हाताला धरून सांगेन आणि ट्रॅक्टर घेऊन निघेन, तीन तास लागतील, ते तीन तास फोनवरच काढायचे, असं तिनं दोनदा बजावलं. दिवस डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यानंतरचे.

मनोऱ्याखाली एक कोल्हा येतो. त्याला वाळलेल्या ताकाचा खडा टाकला. वास घेतला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मीच लाजलो.

१६ नोव्हेंबर

आज आपा फोनवर आली.

एजे म्हणाली, थांब, आणि मग बराच वेळ नुसता श्वास. शिट्टी वाजावी तसा. मग म्हणाली, जेवतोस का? मी म्हटलं, हो. मग पुन्हा श्वास. मला विचारायचं होतं ते जिभेवर आलं होतं. आपा, त्या दिवशी बोललो ते विसर, असं. पण शेजारी तुरदाकुन आके बसलेले, आणि मी कशाला तरी हसलो, आणि तोवर तिनं फोन एजेला दिला.

पुढच्या रविवारी आके बाहेर असताना करेन. वाक्य पाठ करून ठेवलंय.

२३ नोव्हेंबर

एजे म्हणाली, आपा झोपलीय. तिचा आवाज बसला होता. मागे पुष्कळ माणसं होती, कुणीतरी लाकडं फोडत होतं, भांडी वाजत होती. मी विचारलं, लग्न आहे की काय? ती म्हणाली, पाहुणे आलेत. आपा कधी उठेल विचारलं. तिनं फोन ठेवला. फोन ठेवण्यात एजे नेहमीच उद्धट.

दुपारी आकेंना एक फोन आला. माझ्याकडे पाठ करून बोलले. हो, हो. नाही, मी एकटा नाही सांगणार, मोठ्यांना घेऊन येतो, एवढंच ऐकू आलं. रात्रीच्या जेवणात नळीचं हाड मला दिलं. आजवर ते कधी दिलेलं नाही.

२४ नोव्हेंबर

आके घोडा घेऊन खाली गेले. डिझेल आणि माणसं आणायला, म्हणाले. तीन दिवसांत परत. निघताना माझ्या डोक्यावर हात ठेवायला घोड्यावरून वाकले, टोपी पडली, मीच उचलून दिली. दोन गोष्टी सांगितल्या. वेळेवर खा. आणि चारला हात लावू नकोस, कितीही अडलं तरी. मी विचारलं, लावला तर? म्हणाले, तू लहान आहेस, तुला उठता येणार नाही.

कुठून उठता येणार नाही ते सांगितलं नाही. मी उठण्याच्या बाबतीत आळशी आहे हे त्यांना माहीतच आहे.

२७ नोव्हेंबर

बर्फ. तीन दिवस सलग. खिंड बंद, खालचा रस्ताही बंद. म्हणजे आके येत नाहीत इतक्यात.

मनोऱ्यावर मांडीएवढा जाड बर्फ चढलाय. सकाळी दोन नंबर गेला, दुपारी सहा. सहावर केंजेकान आपा झूराशी बोलत होती. दिवा फडफडला तसं मी तिला उचलून पाचवर टाकलं. आठ सेकंद लागले. तिला कळलंही नाही, सुनेच्या सुजलेल्या पायांबद्दलचं वाक्य तिनं तसंच पुढे चालवलं. एवढा आनंद मला पावाच्या भट्टीवर कधी झाला नव्हता. आके असते तर म्हणाले असते, आठ कशाला लागले.

३० नोव्हेंबर

रविवार. घरी फोन केला. उचलला मामानं. आपाला तालासला मावशीकडे नेलंय, औषधासाठी, असं म्हणाला. मी म्हटलं, सगळे रस्ते बंद असताना? तो म्हणाला, जेव, ऊब धरून राहा, मोठी माणसं तुझ्याकडे यायला निघालीत, रस्ता उघडला की पोचतील. कशासाठी यायला? त्यानं फोन ठेवला.

बाबांच्या वेळी मी नऊ वर्षांचा होतो. गवत कापत होतो. चार म्हातारे घोड्यांवरून आले, उतरले, माझ्याभोवती बसले. गवत यंदा चांगलंय म्हणाले. माझ्या विळ्याची धार पाहिली. मग त्यांच्यातला एक म्हणाला, बाळ, डोंगरसुद्धा कोसळतो. अशी बातमी आमच्याकडे कुणी फोनवर देत नाही. माणसं आणून, बसवून, हात धरून देतात.

सांगितलं नाही तोवर झालेलं नाही. मी असंच धरलंय. कुणी आलेलं नाही, कुणी बसलेलं नाही.

वाक्य अजून पाठ आहे.

२ डिसेंबर

तीन आणि पाच दोन्ही गेले. डिझेल तळाला. जनरेटर सकाळी दोन तास, बाकी बॅटरीवर. एकट्या एक नंबरवर सगळी दरी. सात आणि एकोणीस मेंढ्यावरून चॅनेल अडवून बसतात आणि बाकीचे ठोठावत राहतात.

मी चारची दोरी सोडली. लोकांसाठी सोडली. आयसाल्कीनचे दिवस भरलेत, वाट मोकळी पाहिजे. बिघडलेलं नाहीये असं आकेच म्हणाले होते.

दिवा लगेच लागला, हिरवागार, काल बंद केल्यासारखा. नियमाप्रमाणे चाचणी घेतली. रिसीव्हरमध्ये एक ते दहा म्हणायचं, आपलाच आवाज परत यायला हवा. आला. एक, दोन, तीन, सगळे स्वच्छ. दहा झाल्यावर मी थांबलो.

अकरा, असं आलं.

मी म्हटलं नव्हतं. बाईचा आवाज होता. कुणाचं तरी बोलणं घुसलं असेल.

३ डिसेंबर

सकाळी दहा वाजता चारचा दिवा लाल झाला. काचेत नंबर नाही. अडकलं असेल म्हणून सोडायची कळ दाबायच्या आधी रिसीव्हर कानाला लावला.

श्वास. शिट्टी वाजावी तसा. मग, जेवतोस का?

मी किती वेळ रडलो कोण जाणे. आपा होती. मामा खोटं बोलतो, एजे खोटं बोलते, सगळी माणसं मूर्ख आहेत. ती करड्या घोडीबद्दल बोलली, खुरात खडा गेला होता त्याबद्दल. चुलीत शेण ओलं आहे म्हणाली. कुठे आहेस विचारलं. इथेच, म्हणाली. मी पाठ केलेलं वाक्य म्हणून टाकलं, एका दमात. त्या दिवशी बोललो ते विसर, तुझं दूध मला माफ कर.

बोलू रे, म्हणाली. घाई काय.

मग मी जरा गप्प राहिलो. तिच्या तोंडून यावं म्हणून. आणि तीन मिनिटांनी यंत्रानं आपोआप चॅनेल सोडलं. म्हणजे मी बोललो तोच आवाज यंत्र मोजतं. तिचा मोजत नाही.

४ डिसेंबर

पुन्हा दहाला आली. दुपारपर्यंत मी बोलत होतो. गप्प राहायचं नाही, एवढं एक कळलंय. आल्माती, ताराझ, सगळं सांगितलं. ती म्हणाली, बघू, उद्या सांगते.

संध्याकाळी जुन्या नोंदवह्या काढल्या. प्रत्येक बिघाड त्यात लिहायचा असतो. सात हिवाळ्यांपूर्वीची वही. आकेंचं अक्षर. जसंच्या तसं उतरवतो.

'चार नंबर लाल. पलीकडे फोन नाही. जान्यलचा आवाज.'

जान्यल आकेंची बायको. तिची कबर खाली नदीकाठी आहे, येताना ट्रकवाल्यानं दाखवली होती.

'जान्यल आली. बाकी चॅनेल बर्फानं बंद. फक्त चार.'

'चौदा नंबर ठोठावतोय. जान्यल बोलतेय. सोडलं नाही.'

'चौदा ठोठावतोय. ती म्हणते, आता सांगते.'

'चौदा गप्प.'

मग तीन दिवस कोरे. मग, 'चौदावर गेलो. चूल भरलेली, धुराडं बर्फानं बुजलेलं. पाच माणसं. यादीतून नंबर काढला.' आणि खाली, 'चार बंद केलं. जे ऐकायला थांबलो ते तिनं शेवटपर्यंत सांगितलं नाही.'

माझी आपा जान्यल नाही. माझी आपा जिवंत आहे, तालासला आहे.

५ डिसेंबर

एक युक्ती सुचली. तिला चारवरून उचलून एकवर टाकावं. मग चार बंद करता येईल आणि तीही राहील. आठ सेकंदांचं तर काम.

टाकलं. एकवर नुसती खरखर. तिचा मागमूस नाही. घाबरून परत चारवर आणलं तर तिथे होतीच, मधलं वाक्य चालू, जशी कुठे गेलीच नव्हती. घाईत दोन्ही कळा एकदम दाबल्या गेल्या. एक नंबरच्या खोक्यातून धूर आला. जळालं. मीच जाळलं.

आता फक्त चार. तोच दवंडीवाला, तोच घोडा. तिच्याशी बोलत असेन तोवर दरीतला कुणीही कुणाला हाक मारू शकत नाही. मीसुद्धा नाही.

६ डिसेंबर

आज दहाला रिसीव्हर उचललाच नाही. दिवा लाल होता. तीन मिनिटांनी सुटला. पुन्हा लाल. पुन्हा सुटला. मधल्या फटींमध्ये लोकांना जोडून दिलं. सात नंबरनं तक्रार केली की फोनवर कुणी म्हातारी खोकते. एकोणीस म्हणाला, तुझा मेंढा असेल. झूरानंही विचारलं, लाइनीवर कोण आजारी आहे, छाती भरलीय तिची, तिला औषध घ्यायला सांग.

झूरानं आयसाल्कीनला सांगितलं, आता कधीही. फोनपासून हलू नका.

दिवसभर मी कानात कापूस घालून बसलो होतो. पण लाल दिवा दिसतोच. बघवत नाही. आई दारात उभी आहे आणि मी दार लावलंय. दुसऱ्यांदा.

७ डिसेंबर

उचलला. फक्त पाच मिनिटं, असं म्हणून उचलला. दुपारचे तीन वाजले.

तिला थंडी वाजते म्हणे. मी विचारलं, मावशीकडे शेगडी नाही का? म्हणाली, इथे मावशी नाही. मग कोण आहे? म्हणाली, बोल ना तू, तू बोललास की ऊब येते. गप्प नको राहू रे.

बोलतोय. सगळं बोलून संपलं, आता यादी वाचून दाखवतो. एक नंबर कोण, दोन नंबर कोण. तेरानंतर पंधरा म्हटलं तेव्हा ती म्हणाली, चौदावाले इथेच आहेत, पाचही.

ठेवला.

ती आपा नाही. आपाच आहे. ती बोलताना 'ना' जसा ओढते तसा दुसरं कोण—

रडतेय ती, दिवा लाल—

८ डिसेंबर

आज सकाळी ती आधीच होती. मी न उचलता. खोलीभर आवाज.

दूध माफ कर म्हटलं. आज सांगते म्हणाली. खरंच सांगते. ठेवू नकोस फक्त.

रिसीव्हर खांद्यात धरून लिहितोय. लिहिताना बोलतोय. तीन मिनिटं होऊ देत नाही.

—

पिवळा दिवा.

सत्तावीस.

—

पाणी गेलं असणार. दुसरं काही नसेल. पुन्हा लुकलुकला. केंजेकान आपाचं बोट, माहीत आहे मला, ती उचलते, ठेवते, दहापर्यंत मोजते, उचलते. झूरा खाली फोनजवळ बसलीय. तिला काही माहीत नाही. तिच्यासाठी सगळं शांत आहे.

आपा म्हणते, तिकडे कुणी नाही, झोपलेत सगळे. आपा अशी कधी बोलली नसती. शेजारणीच्या बाळंतपणाला ती रक्त ओकत चालत गेली होती, मला पाठीला बांधून.

की नसेल गेली. मलाच काय आठवतं.

सत्तावीस.

—

म्हटलं तिला. आपा, एक पोर अडलंय, ठेवतो, मग बोलू. ती म्हणाली, ठेवलंस तर मी परत यायची नाही. भांडून नाही म्हणाली. रडवेली, दमलेली. फार थंड आहे रे इथे, जोल्चू.

मला जोल्चू फक्त आपाच

सत्तावीस

आता उशिरा उशिरा लागतोय. मधे मोठी फट. म्हातारीला धाप लागली असेल, किंवा एका हातानं सुनेला धरलंय.

सोडायची कळ थंड आहे. बोट ठेवलंय. दाबत नाही. एकदा सांग ना आपा. एवढंच सांग आणि मग मी ठेवतो. दोन वर्षं मी नीट चाललेलो नाही. सांग ना गं.

दिवा नाही.

नाही.

नाही अजून.

—

लागला. सत्तावीस. लागला—

ती म्हणतेय ऐक. श्वास घेतेय. सांगतेय, खरंच सांगतेय, तिनं सुरू केलं, जोल्चू बाळा, माझं पांढरं

आपा, मी कळ दाबतोय, सत्तावी